जमीन

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मंगळवारी
चर्चमागच्या खोलीत आम्ही पाच जण बसतो.
नॉर्वेचं हे वरचं टोक, पाचच्या आतच दिवे लावावे लागतात.
विषयपत्रिका सोलबोर्ग करते, पस्तीस वर्षं तिच्याच हातची.
मेणबत्त्या किती मागवायच्या.
वाफलच्या यंत्राची मूठ तुटलीय, ती कोणी जोडायची.
स्तोत्रांच्या फळीवरचा सात हरवलाय.
(झोम्बोर म्हणतो, मग सात नसलेलीच स्तोत्रं वाजवू.
हंगेरीहून आलेला माणूस, त्याला चालतं.)
आणि तळाला, दरवर्षी तळालाच,
एकच शब्द: जमीन.

तिथवर आलो की कप खाली ठेवले जातात.

नोव्हेंबरात इथली माती गोठते,
पहार मारली तर पहारच ओरडते.
म्हणून खड्डे आधीच खणून ठेवायचे,
वर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री,
आणि वाट बघायची.
खणतो मी. घंटाही मीच वाजवतो, भट्टीही माझ्याकडेच.
पण किती खणायचे, ते बैठकीत ठरतं.

पाळकबाई नवीन होत्या, जर्मनीतल्या सपाट मुलखातून आलेल्या.
त्यांना वाटलं, आपण भाषा चुकीची ऐकली.
"किती माणसं जातील, ते आपण ठरवायचं?"
"नाही बाई. किती खड्डे, ते."
त्या खिडकीकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "एकही नको, असं म्हणता येतं का?"
सोलबोर्गने ते लिहून घेतलं.
खोडलं.

नावं कोणी घेत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही.
पण एका काठीवरून दोन काठ्यांवर आलेली योरून,
होडी विकून टाकलेला इंगेब्रिग्ट,
सगळे येऊन बसतात टेबलावर,
साखरेच्या भांड्याभोवती.
अब्रेहेत झाडलोट करते,
कुठल्या बाकाखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडतात
ते तिला ठाऊक.
कॉफी ढवळता ढवळता ती म्हणाली, "तीन."
तीन ठरले.

डिसेंबरात योरून गेली.
फेब्रुवारीत एक असा गेला,
जो साखरेच्या भांड्याजवळ आलाच नव्हता:
ट्रॉलरवरचा, चव्वेचाळीस वर्षांचा.
त्या दिवशी पाळकबाईंचा आवाज वाक्याच्या मध्येच बसला.
झोम्बोर ऑर्गन सोडून खाली आला,
त्यांच्या हातातल्या पुस्तकातून उरलेलं वाक्य वाचलं,
सगळे उच्चार चुकीचे.
कोणी हसलं नाही.

तिसरा तसाच उरला.

मे महिन्यात माती सैल झाली, फावडी घेऊन गेलो
तर काठावर इंगेब्रिग्ट उभा.
ताडपत्री त्याने आधीच बाजूला केलेली.
"हा कोणाचा?"
"कोणाचाच नाही."
त्याने काठी आत सोडली, तळ चाचपला,
जुनी होडी विकत घेताना चाचपावा तसा.
"लांबीला कमी आहे," म्हणाला. तो सहा फूट तीन इंच.
मी काय बोलणार?
मग कोट काढून त्याने तो कोणाच्या तरी क्रुसावर टांगला.
"आण ते दुसरं फावडं."

दोघांनी मिळून भरला.
आत कोणी नसलं तरी
काढलेली माती परत भरताना कमीच पडते,
हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.
किनाऱ्यावरून चार ढकलगाड्या वाळू आणली.
दर खेपेला तो म्हणायचा, अजून एक.

रविवारी उपासनेनंतर तो कॉफीला थांबला.
यंत्राची मूठ जोडून आणली होती, तांब्याच्या तारेने.
पहिला वाफल करपला, तो त्यानेच खाल्ला.
सोलबोर्ग कोपऱ्यात नोंदवही घेऊन बसली होती:
जमीन, तीन. वापर, दोन.
तिसऱ्यापुढे काय लिहावं, यावर तिचं पेन अडलं.
पाळकबाई हातात बशी घेऊन वाकल्या, बघितलं.
"वाळू लिही," म्हणाल्या.
"चार गाड्या."