तूर्तास

दाव्यात माझं नाव नाही.
वादी खेमुका ट्रस्ट, प्रतिवादी जिभकाटे,
आणि दोघांच्या भांडणामागे
पत्रा ठोकून वेगळी केलेली सहा बाय नऊची खोली,
जिचं भाडं मी जिभकाट्यांच्या हातावर ठेवते,
सोळा वर्षं, पावतीविना.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी बेलिफ आला.
अंतरिम आदेश : निकाल लागेपर्यंत गाळा बंद.
गांधीबागेत त्या गाळ्याला शटर एकच,
म्हणून कुलूपही एकच.
आत माझं वाइंडिंगचं मशीन,
तांब्याच्या तारेची चार रिळं,
लोकांच्या कूलरच्या एक्केचाळीस मोटारी
आणि प्रत्येकीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी :
'निनावे मास्तर, पंखा उलटा फिरते'
'हंसापुरी, बुधवारी पाहिजेच'.
बुधवार गेला.
हंसापुरीहून फोन येतात,
बाळंतीण ओल्या चादरीखाली झोपते म्हणतात.

टेंभुर्णे वकील म्हणाले,
"अपील होते, ताई. पण तुम्ही पक्षकार नाही ना.
आधी अपील करू द्या म्हणून अर्ज,
तो मंजूर झाला, तर मग अपील."
"अन् अंतरिम म्हणजे?"
"तूर्तास. मधल्या काळापुरतं."

वकीलसाहेब,
माझा धंदाच मधल्या काळाचा आहे.
होळीची राख निवली की सुरू,
मृगाच्या आधी खलास.
बाकीचे नऊ महिने मी
या तीन महिन्यांचं उरलंसुरलं खाते.

त्यांनी ते ऐकलं आणि लिहिलं,
'अर्जदाराचे भरून न येणारे नुकसान होईल.'
मी सही केली.
माझ्याच गोष्टीत मला माझा
एकही शब्द सापडला नाही.

सिव्हिल लाइन्स, कोर्टाचा दुसरा मजला,
बाहेर चव्वेचाळीस.
ट्रस्टचे वकील म्हणत होते, पोटभाडेकरू,
कागद नाही, करार नाही, हक्क नाही.
साहेबांनी विचारलं, "यांचा संबंध काय?"
टेंभुर्णे पानं उलटत राहिले.
माझं लक्ष कोपऱ्यातल्या कूलरकडे.
खस कोरडी ठाक, पंप मुका,
मागचं बुश गेलेलं,
दर चौथ्या फेऱ्याला दांडी घासते.
आठ दिवसांत जळते ही मोटार.
हे एवढंच मला त्या खोलीत
कुणाहीपेक्षा नक्की माहीत होतं.

तारीख मिळाली. सुट्टीनंतरची. जूनची.
परवानगी मागायची की नाही,
ते तेव्हा ऐकणार.

निघताना शिपायाला म्हटलं,
"बंद करा बाप्पा हा, निदान तेल तरी सोडा."
तो म्हणाला, "तुम्ही कोण?"

पर्समध्ये कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच होता.
एक काढली, लिहिली,
सुतळीनं कूलरच्या जाळीला बांधली :
'कोर्ट, दुसरा मजला. बुश गेलं.
तूर्तास चालते.'