डावा दस्ता

नागदेवी स्ट्रीटला मुफद्दलभाईने
बत्तीस तुकड्यांची पेटी उघडून दाखवली.
बत्तीस दात, म्हटलं, आणि चावणारा एकही नाही.
मला एकच पातं हवं होतं,
खाचेत असं बसणारं
की हात सोडला तरी पडू नये.
जुन्या रायफलीचे स्क्रू म्हाताऱ्यांसारखे:
एकदा कड मोडली
की पुढे कुणाचंच ऐकत नाहीत.

"घरी बंदूक दुरुस्त करणार?"
छऱ्याची आहे. हवेची. मुलीची.
कागदावरच्या काळ्या ठिपक्यापलीकडे
तिने आजवर कुणाला दुखवलेलं नाही.
त्याने पातं वर्तमानपत्रात गुंडाळलं,
आणि एक बारीक कानस, घासाघीस न करता.

चौतीस वर्षं भांडुपच्या टूलरूममध्ये
मी जिग बनवत आलो.
लोकांना वाटतं ते हत्यार आहे.
जिग काहीच करत नाही.
धरून ठेवते,
आणि शंभराव्या माणसालाही
पहिल्याच्याच जागी भोक पाडायला लावते.
नवशिका हत्यारं जमवतो,
मुरलेला आधी पकड शोधतो,
असं आमचे डिकुन्हा फोरमन म्हणायचे
आणि पुढे एक शिवी द्यायचे.

तर कन्नमवार नगरात, दहा बाय बाराच्या खोलीत,
शिवणयंत्राच्या टेबलाला व्हाइस लावला,
जबड्यांना जुन्या चपलेचं चामडं.
"आता साड्यांचे फॉल डोक्यावर लावू का?"
हे स्वयंपाकघरातून.

दस्ता अक्रोडाचा.
गालाचा उंचवटा उजव्या माणसाच्या बेताने.
शाल्मली डावखुरी.
तीन वर्षं ती मान वाकडी करून नेम धरत होती
आणि मी म्हणत होतो, पोरीचं लक्ष नाही.

उजव्याचं डावं करायचं
तर सगळी जिग आरशात बघितल्यासारखी लागते.
कागदावर उलटी काढली,
हात मात्र सवयीने तिकडेच वळला.
सागाचे दोन तुकडे वाया गेले.
तिसऱ्या वेळी पेन्सिल डाव्या हातात धरली.
रेघ अशी आली
जशी बालवाडीत तिची
उजव्या हाताने यायची.

तेव्हा तिचं डावं मनगट
मी रुमालाने खुर्चीला बांधायचो.
जेवताना. पाटीवर गिरवताना.
सैल बांधायचो,
असं मी स्वतःला सांगत आलो.
टूलरूमच्या भाषेत
त्यालाही जिगच म्हणतात.

लाकूड बसवायची रीत अशी:
लोखंडाला काजळी फासायची,
लाकडावर टेकवायचं, उचलायचं,
जिथे काळं उमटेल तेवढंच घासायचं.
बाकीच्याला बोट लावायचं नाही.
काजळी कुठून आणू?
शाल्मलीने पर्समधून काजळाची कांडी काढून दिली.
टेकव, उचल, घास.
साडेअकरा वाजले. शेजारच्या हळबेंनी
भिंतीवर दोनदा ठोकलं.
टेकव, उचल.
एवढ्या हळू मी आयुष्यात
काही कमी केलं नव्हतं.

मग तिने दस्ता खांद्याला लावला,
बंदूक रिकामी, नेम कॅलेंडरातल्या चतुर्थीवर.
मान सरळ.
मी पहिल्यांदाच बघितलं
की तिची मान एवढी लांब आहे.
"लागतंय का कुठे?"
"इथे. जबड्याखाली. जरासं."
तिथे गालाला काजळ उमटलं होतं.
रुमाल काढला, पुसायला,
आणि तो हातातच राहिला.
"असू दे बाबा," ती म्हणाली,
"आधी लाकूड बघा."

जिग पलंगाखाली आहे.
एकाच कामाची, एकाच गालाची,
भंगारवाला किलोनेही घेणार नाही.
कुणाला डावी लागली तर
येऊन घेऊन जा,
रविवारी, दहानंतर.