साडेबारा टक्के

विद्यापीठाच्या फॉर्मवर रकाना क्रमांक सात :
‘सदर ज्ञान यापूर्वी कोणास अवगत होते काय?’
पेन तिथंच अडकलं.
लोटलीकर मॅडम म्हणाल्या, ‘नाही’ लिही आणि पुढं चल,
वकील चारला निघतात.

मिठागरातलं कडू पाणी.
मीठ धरून झालं की मागं उरतं ते, तेलकट, जिभेला चिकटणारं.
बेलापूरच्या खाडीकाठी बाबा बांध फोडून ते सोडून द्यायचे,
पण वेळेवर. एक दिवस उशीर झाला, की अख्खी रास कडू.
बोटावर थेंब घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे,
म्हणायचे, आज.
किंवा म्हणायचे, उद्या सकाली.
मी प्रयोगशाळेत साडेतीन वर्षं घालवून काढलेला आलेख
त्यांच्या अंगठ्यापासून अर्ध्या अंशानं चुकत होता.
चूक आलेखाची होती.
हे प्रबंधात नाही.

प्रबंधात आहे ते असं :
त्या पाण्यात चुना घाला, पांढरा साका बसतो,
गाळा, वाळवा, लाकडाच्या भुशात मिसळून दाबा.
तक्ता होतो. तक्ता पेट घेत नाही.
बाबांनी सगळं ऐकून घेतलं, शेवटी म्हणाले,
‘आगरावरची आमची झोपरी कदी जलली नाय.
कुडाला शिंपल्यांचा चुना नि त्योच पानी लावायचू.’

मी वकिलांना विचारलं, सहज विचारल्यासारखं,
समजा एखाद्याला आधीच ठाऊक असेल तर?
‘छापलंय कुठं?’
नाही.
‘कुणी पाहिलंय?’
झोपडीच्या जागी आता सेक्टर आहे, नंबराचा.
‘मग काळजी नको,’ म्हणाले, आणि चहा सांगितला.

लिहावं, तर शोध नवा राहत नाही.
नवा नसेल, तर कुणी पैसा लावत नाही.
आणि पैशाशिवाय
तक्ता म्हणजे पुन्हा कूडच.

मी ‘नाही’ लिहिलं.
अक्षर छान आलं.

रबाळ्याला गाळा मिळाला, पत्र्याचा, वरच्या मजल्यावर,
शेजारी बाटल्यांची झाकणं करणारे.
इब्राहिम चौगुल्यांनी दोन ड्रम उधार दिले,
म्हणाले, बुडालीस तर ड्रम तरी परत आण.
झवेरी आले. नमुन्याखाली लायटर धरून उभे राहिले,
बराच वेळ.
भाजलं ते त्यांचं बोट.
फुंकर घालत विचारलं, महिन्याला किती चौरस फूट?

मग हिस्स्यांचा कागद.
विद्यापीठ, मॅडम, झवेरी, मी.
माझ्यातून कापून खाली एक ओळ वाढवली :
हसुराम पदाजी मढवी, साडेबारा टक्के.

बाबा चष्मा लावून वाचत राहिले,
आणि हसले, खोकला येईपर्यंत.
‘जमीन घेतली तवा सिडकोनं यवरंच दिलेलं.
इद्येचा पन भाव त्योच कं गो?’

मला वाटलं होतं, तो आकडा मी काढलाय.

सही केली त्यांनी. सावकाश, पूर्ण नावाची.

महाप्याची पहिली ऑर्डर, चाळीस तक्ते, वायरिंगच्या खोलीसाठी.
उरणकडून कॅनमध्ये पाणी आलेलं,
मीटरवर एकोणतीस, म्हणजे बरोबर,
चुन्याची पोती उघडलेली, खाली टेम्पो लागलेला.
बाबा जिना चढून आले, दम घेतला,
ड्रममध्ये बोट बुडवलं.
अंगठा फिरला, एकदा, दोनदा.

‘आज नको.’

मी मीटरकडे पाहिलं. मीटर ठाम होतं.
टेम्पोवाल्याला भाडं देऊन परत पाठवलं,
खिशात उरले एकशे दहा.
बाबा ड्रमवर झाकण ठेवून त्यावरच टेकले,
घाम पुसत, झाकणवाल्यांचं मशीन बघत.

झवेरींचा फोन वाजत होता.
त्यांना कारण सांगायचं होतं,
रकाना क्रमांक सात सोडून
कुठलंही.