सुकतीची वेळ

आज माझ्या बोटीवर बावीस देश चढले.
देश म्हणजे पोरंच ती,
गळ्यात निळ्या पट्ट्या, पायांत न मुरलेले बूट.
फळीवर एकाचा तोल गेला, मी हात दिला.
कुठला देश होता, विचारलं नाही.

दोन दिवस दोनापावलच्या हॉटेलात बसून
जगाच्या पैशाचं काय करायचं ते ठरवताहेत.
संध्याकाळी म्हणे त्यांना मांडवी दाखवा.
मांडवी म्हटल्यावर कंत्राट आमच्या शेटकडे,
आणि बोट म्हटल्यावर सुकाणूवर मी.

तेविसावा देश माझ्या घरचा.
अक्षदा जयवंत वळवईकर.
टेबलावरच्या पाटीवर मात्र नुसतं ‘भारत’.
‘तुझं नाव कुठेच नाही?’ तिच्या आईनं विचारलं होतं.
‘तिथे नाव नसतं गं. बोलायचं असलं की पाटी उभी करायची,
मग अध्यक्ष म्हणतात, भारत, बोला.’
आई हसली. घरात हिला बोला म्हणावं लागत नाही.

आमचं ठरलं होतं, बोटीवर ओळख द्यायची नाही.
माझंच म्हणणं.
तिला लाज वाटली असती असं नव्हे.
मला वाटली असती का,
ते मी खोलात जाऊन पाहिलं नाही.

काल रात्री फोनवर आवाज बसलेला.
मसुद्यात एक शब्द आहे म्हणाली, ‘न्याय्य’.
खाणी बंद करा, कोळसा बंद करा, पण बदल न्याय्य हवा.
कुणीतरी त्याला चौकोनी कंसात टाकलंय.
कंसातला शब्द म्हणजे अजून कुणाचाच नाही,
पहाटेपर्यंत राहिला तर गळतो.
मी म्हटलं, बार्ज वाळूत रुतली तर
इंजिन रेटायचं नसतं, पंखा मोडतो.
‘मग?’
मग काय, पाण्याची वाट बघायची.
ती गप्प झाली. मला वाटलं, रेंज गेली.

रायबंदर मागे पडलं, आणि त्या दिसल्या,
कांदळांना टेकून उभ्या, गंजलेल्या,
एकीच्या पोटातून झाड उगवलेलं.
उंच पोरगा होता एक, घानाचा की केनियाचा,
त्यानं बोट दाखवलं.
अक्षदा बोलू लागली. इंग्रजी मला तेवढं कळतं:
खनिज, निर्यात, बंदी, इतके हजार रोजगार.
सगळ्यांनी माना हलवल्या.
एकीनं लिहून घेतलं.
त्यातल्या तिसरीवर मी एकोणीस वर्षं होतो.
इतक्या हजारांतला कितवा, कोण जाणे.

पोरगा काही हलेना.
म्हणाला, हिचं नाव काय?
अक्षरं गळून गेलेली, नुसता एक काना उरलेला.
भारत गप्प.

मग ती सगळ्यांदेखत सुकाणूपाशी आली.
‘बाबा, तिसरीचं नाव?’

बावीस माना माझ्याकडे वळल्या.
मी नदीवरची नजर काढली नाही, काढायची नसते.
म्हटलं, सातेरी प्रसाद.
डाव्या इंजिनाला खोकला होता,
सांजेला जास्त.
तिनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं.
खोकला कसा सांगितला देव जाणे,
आधी हसले सगळे,
मग हसू तिथंच राहिलं.
तो पोरगा पुटपुटत बसला, साटेरी, साटेरी,
‘त’ काही त्याला जमेना.

पणजीच्या धक्क्याला लागलो तेव्हा नऊ वाजले होते.
एकेकानं हात मिळवला. माझ्या हाताला ग्रीस,
कुणी पुसला नाही, निदान माझ्यासमोर.
ती शेवटी उतरली. परत हॉटेलात जायचं होतं,
शब्द अजून कंसातच.
मी दोर खुंटीला घालत होतो.
‘जेवलीस?’
‘भरती केव्हा लागेल?’
म्हटलं, आत्ता तर सुकती धरलीय.
पहाटे तीन वीसला पाणी फिरेल.

तिनं पिशवीतून मसुदा काढला,
आणि समासात, त्या शब्दाच्या बरोबर बाजूला,
लिहिलं, तीन वीस.
जेवलीस की नाही, ते काही सांगितलं नाही.