उरलेले अठ्ठ्याऐंशी तास

कॅरिन लेहटो आली आणि दाराशीच बूट काढले,
न सांगता.
गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, कपाळाला विजेरी.
डुलुथच्या उतारावरचं आमचं घर
तिनं मापायला घेतलं शिंप्यासारखं:
छाती, कंबर, बाही.

उत्तरेची भिंत बावीस फूट.
खिडकी, एकेरी काच. खिडकी, एकेरी काच.
माळ्यावर कापूस किती इंच?
शिडीवरून आवाज आला, "चार.
आणि एक उंदीर. वाळलेला."

मी म्हटलं, मोठंच मशीन बसवू या की,
शेजारचा ड्वेन म्हणतो पाच टन घे, निश्चिंत हो.
टन म्हणजे काय माहितीये? तिनं विचारलं.
एक टन बर्फ दिवसभरात वितळताना
जेवढी उष्णता पिऊन टाकतो, तेवढी.
पाच टन बर्फ रोज.
कुठे ठेवणार, सोफ्यावर?

मोठं मशीन मोठ्या आवाजाच्या पाहुण्यासारखं.
येतं, दणदणतं, चार मिनिटांत निघून जातं,
घर होतं तसंच.
लहान घ्यावं, त्यानं दिवसभर पुटपुटत राहावं.
हेमांगीनं माझ्याकडे पाहिलं.
आमच्यात मोठ्या आवाजाचा मी.

तळघरात शंभर अँपिअरचा डबा,
आत जुन्या मालकाचं अक्षर:
ओव्हन. ड्रायर. रॉयची खोली. बहुतेक जिना.
एका बटणापुढे नुसतं प्रश्नचिन्ह.
मी बोटांवर बेरीज करत सुटलो,
गिझर, इस्त्री, उद्या गाडीचा चार्जर,
आणि हे सगळं एकदम लागलं तर?
तिनं पहिले दहा हजार पुरते धरले,
पुढच्या दर शंभराचे चाळीस.
नवा हीट पंप तेवढा अख्खा.
"सगळं एकदम लागत नाही," म्हणाली.
"नियमातच आहे तसं."
ते वाक्य मी तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

मग फॉर्म. बेडरूम? दोन.
तिनं माणसं लिहिली तीन.
दोघंच आहोत, मी म्हटलं.
पद्धत आहे, ती म्हणाली, बेडरूम अधिक एक.
खोडू का?
हेमांगी रात्रपाळीहून नुकतीच आलेली,
अंगावर इस्पितळाचा निळा,
कपात चमचा फिरवत होती
साखर केव्हाच विरघळली तरी.
"राहू दे," म्हणाली. "तीनच राहू दे."

तिसऱ्याचे दोनशे तीस बीटीयू
कॅरिननं उन्हाळ्याच्या रकान्यात मांडले.
हिवाळ्याच्या रकान्यात माणसं धरतच नाहीत.
उन्हाळ्यात माणूस म्हणजे भार,
थंडीत त्याची ऊब हिशेबाबाहेरची,
मिळाली तर वरकड.

हिशेब उणे पंधरापर्यंतचा.
त्याहून गार, वर्षातून शंभरात एक तास,
म्हणजे सगळे मिळून अठ्ठ्याऐंशी.
तेवढ्यांसाठी मशीन वाढवायचं नसतं,
बूट चढवता चढवता ती म्हणाली.
तेवढे काढायचे. स्वेटर घालायचा.
सूप करायचं.

जानेवारीत ते येऊ लागले, हप्त्याहप्त्यानं.
पहिल्या खेपेला अकरा.
फ्रिजवर कागद लावून मी रेघा मारतो,
पाच-पाचच्या जुड्या.
खाली सरोवर वाफाळतं, जसं कुणी झाकण काढलंय,
मशीन पुटपुटत राहतं, थांबत नाही,
मीही हल्ली हळू बोलतो.
सकाळी पावणेआठला हेमांगीची गाडी वळते,
मग तिचे गार पाय माझ्या पोटऱ्यांना.
मी ओरडत नाही.

दुसऱ्या बेडरूमची झडप
मीच बंद केली होती, वीज वाचावी म्हणून.
काल गेलो तर उघडी.
खोलीत काही नाही, एक इस्त्रीचं टेबल,
आणि अडुसष्ट अंश.
मी तशीच ठेवली.

एक्केचाळीस झाले.
सत्तेचाळीस राहिले.