दोन, तीन तारे, सहा

रात्री नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी
मी कुणीच नसते.
कुकरची शिट्टी काढून ठेवलेली, दार लोटलेलं,
वर्तकनगरच्या तिसऱ्या मजल्यावर
फोनच्या उजेडात माझं नाव
दोन, तीन तारे, सहा.

मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू.
प्रदर्शनात टेबलापाशी उभी राहिले
की व्यापारी विचारतात, ‘मिस्टरांना छंद आहे का?’
आणि भिंग माझ्या मागच्या माणसाच्या हातात देतात.
ताऱ्यांना कुणी असं विचारत नाही.
ताऱ्यांनी दोनशे वाढवले की दोनशे वाढतात.

लॉट एकशे चौदा.
गधिया. चांदी, चार ग्रॅमला जरा कमी.
एका बाजूला राजा होता म्हणे कधीकाळी,
परक्या देशातला, टोप घातलेला.
साच्यावरून साचा, नकलेवरून नक्कल काढता काढता
नाकाची रेघ झाली, डोळ्याचा ठिपका,
मग कुणाला आठवेचना की हा चेहरा होता.
नाव नाही. साल नाही.
कुणी म्हणतं शिलाहारांच्या ठाण्यात चालायचं,
कुणी म्हणतं सांगता येत नाही.
पण चाललं. मिठाला, माशाला, तरीच्या भाड्याला,
कुणाचं तोंड न बघता.

पहिलं गधिया टिपणीस काकांनीच दाखवलं,
चरईतल्या त्यांच्या घरी, वर्तमानपत्र अंथरून.
‘कडेला धरायचं, ताई. तोंडाला हात लावायचा नाही.’
म्हटलं, तोंड आहे कुठे?
हसले. म्हणाले, ‘म्हणूनच.’

रीतही त्यांनीच शिकवली.
तारे कुणाचे ते विचारायचं नाही,
ओळखले तरी बोलायचं नाही.
हरलो तर ‘चांगल्या घरी गेलं’ म्हणायचं.
आणि ओळखीच्याने पेन्सिल फिरवली असेल
त्या लॉटवर आपण चढायचं नाही.

कॅटलॉग त्यांच्या मांडीवर होता.
एकशे चौदाभोवती गोल,
फिकट, थरथरता, पुरता न मिटलेला.
मी पाहिला.
आणि पुढचं पान उलटून
एका पोर्तुगीज नाण्याचं काहीतरी विचारलं.

नऊ एकोणसाठ.
आठ, तीन तारे, शून्य : चार हजार चारशे.
मी थांबले होते. म्हणजे, थांबणारच होते.
दिवसभर वागळे इस्टेटमध्ये
दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब जुळवते मी.
चार हजार सहाशे, वर कमिशन, वर जीएसटी,
हे किती होतात मला पाठ आहे :
गॅस, आणि पोराच्या क्लासची अर्धी फी.
सात सेकंद उरले होते.
अंगठा माझाच होता.

मधला रविवार ‘पाहुणे आहेत’ म्हणून चुकवला.
पाकीट आलं. साडीच्या घडीत ठेवलं.

पुढच्या रविवारी काका चहा बशीत ओतत म्हणाले,
‘ते गेलं हो आपलं.
दोन तारे-तारे-तारे सहा.
माणूस जिद्दीचा दिसतो.’
माणूस.
माझं बिस्किट तुटून कपात पडलं.
म्हटलं, ‘चांगल्या घरी गेलं असेल.’
‘असेल ना,’ ते म्हणाले.

बराच वेळ नुसता पंखा बोलत होता.
मग बशीकडे बघतच,
‘भेटला कधी तो, तर सांगा त्याला,
चिंच लावून घासू नकोस म्हणावं.
काळं आहे ते काळंच राहू दे.
आणि प्लॅस्टिकमध्ये नको ठेवू, कागदात ठेव.’
मी मान हलवली.
त्यांनी डबा पुढे केला : ‘दुसरं बिस्किट घ्या.’

घरी आले.
ओट्यावर वाटीत चिंच भिजत होती,
सकाळी मीच घातलेली.
तिची आमटी केली.