पाचव्या दिवसाचं पाणी

नळ आज आला, पाचव्या दिवशी.
आधी पिंप, मग हंडे, शेवटी निळी बादली;
तिला कुणी हात लावायचा नाही.
क्लोरीन उडेपर्यंत ती रात्रभर उघडी.
नागमणी म्हणते, माणसांना ताजं, माशांना शिळं!

सोलापूरचा एप्रिल. काचसुद्धा कोमट.
टाकीवर ओला टॉवेल, आमच्याच मागावरचा.
दिवा सहाच तास,
जास्त झाला की पानांवर शेवाळ चढतं.
व्हॅलिस्नेरिया गेलीच. पानं जुन्या धोतरासारखी
हात लावला की विरायची.

अनुबियासचा कंद वाळूत पुरायचा नसतो, कुजतो.
हे दुकानदार रंगम सांगायला विसरला,
एक रोप गेल्यावर कळलं.
दुसरं दगडाला बांधलं.
माग भंगारात गेला तेव्हा
खिशात राहून गेलेल्या कांडीचं पांढरं सूत,
दोन वेढे,
आणि नायनांनी शिकवलेली गाठ,
कापडात बोटाला न लागणारी.

काल बादली ओतताना पाहिलं,
सूत कुठंच नव्हतं.
दगड उचलला, उलटा केला, हलवलाही.
रोप सुटलं नाही.

"ठेव आता खाली," नागमणी म्हणाली,
"पाणी गढूळ होतंय."